बाजार समितीत शेतकऱ्याचे स्थान

शेत आणि बाजार यांमधील अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही. १८६४ साली आगगाडी वसईमार्गे मुंबईस पोहोचली आणि आपल्या वाडीतील केळी, भाजी व विड्याची पाने काही तासांत शहरात जाऊ लागली. वाट जवळ झाली. परंतु भाव ठरविण्याचा अधिकार दलालाकडेच राहिला.

त्या काळी व्यापारी व दलाल रुमालाखाली बोटांच्या खुणांनी सौदा करीत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्यास भाव कळत नसे. वर आडत, हमाली, तोलाई व धर्मादाय यांची कपात त्याच्याच पट्टीतून होई.

वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्याने व्यवहाराला शिस्त लावली. मात्र बाजार समितीत शेतकऱ्याला स्थान नव्हते. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने ही उणीव दूर केली. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. पुढे १९३९ चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. उघडा लिलाव, तपासलेले वजन आणि समितीत शेतकऱ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी, ही त्यांची देणगी होय.

तथापि कर्जाची गाठ कायद्याने सुटत नाही. ज्याच्याकडून उचल घेतली, त्यालाच माल घालणे शेतकऱ्यास भाग पडते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकांचा संघटनेचा हक्क मान्य केला होता. वसईत फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक. सावकाराखेरीज पैसा मिळण्याचे दुसरे दार उघडले, म्हणजे माल कोणाला द्यावा हे ठरविण्याचे बळही शेतकऱ्यास येते.

काळाच्या ओघात संरक्षणासाठी घातलेले कुंपणच अडसर ठरू लागले. घाऊक विक्री समितीच्या आवारातच आणि परवानाधारकांमार्फतच करावयाची, असे बंधन होते. १९९६ साली मुंबईचा घाऊक भाजी व फळबाजार वाशीस हलविला गेला. शहराची कोंडी कमी करणे हा त्यामागील हेतू. परंतु वसईहून चर्चगेटकडे जाणारी गाडी वाशीस जात नाही. दोन पाट्या माल असणाऱ्यास ते अंतर परवडणारे नव्हते.

२०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. निर्णय स्वागतार्ह खरा. पण आवाराबाहेर वजनाची तपासणी कोण करणार आणि पैसे बुडाल्यास दाद कोठे मागावी? एकट्या शेतकऱ्याची मोकळीक थोरल्या खरेदीदारापुढे तोकडी पडते.

या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजाराची व्यवस्था बंद असो वा खुली, निर्णय करणाऱ्यांत अल्पभूधारकाचा प्रतिनिधी असेल, तरच ती त्याच्या उपयोगी पडते. असे स्थान त्याला संघटनेविना लाभत नाही. १९१८ साली आपल्या पूर्वजांनी कर्जाच्या बाबतीत जे केले, ते विक्रीच्या बाबतीत करणे अद्याप शिल्लक आहे.