धूळ, वीज आणि मोटारीचा रंग

रंगवून नुकताच वाळलेला मोटारीचा मडगार्ड उजेडांत तिरपा धरला म्हणजे कारागिराची नजर प्रथम रंगाच्या छटेकडे जात नाहीं. ती कणाकडे जाते. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एखादा बारीक उंचवटा, अथवा कापसाचा एक वांकडा तंतु, कायमचा रुतून बसलेला दिसतो. आणि एवढ्याशा दोषासाठीं तो भाग घासून पुन्हां रंगवावा लागतो. कण दिसावयास क्षुद्र खरा. परंतु त्याला आवर घालण्याच्या खटपटींतून वाहनें रंगविण्याच्या कलेला अनेकदां नवें वळण मिळालें आहे.

घोडागाड्यांच्या काळीं विलायतेंत जें उत्तम रंगकाम होई तें जवसाचें तेल व राळ यांपासून केलेल्या व्हार्निशाचें असे. हें व्हार्निश फार सावकाश वाळे. एकावर एक अनेक हात द्यावयाचे, प्रत्येक हात वाळूं द्यावयाचा, मग तो घासून सपाट करावयाचा, असें करतां करतां एका गाडीला कित्येक आठवडे लागत. शेवटचा हात ओला असे तोंवर तो म्हणजे धुळीसाठीं मांडलेला चिकट सापळाच! म्हणून त्या हातासाठीं निराळी खोली राखून ठेवीत, दारें-खिडक्या लावून घेत आणि जमिनीवर पाणी शिंपडीत. पाण्यानें धूळ खालीं बसते एवढें कारागीर जाणून होते. त्याच पाण्याचा आणखी एक उपकार होत होता. तो मात्र त्यांच्या ध्यानांत आलेला नव्हता.

रंगाच्या त्या दालनांत धुळीची दुसरीहि एक जात होती, आणि ती बाहेरून आलेली नव्हती. अस्तराच्या रंगांत सफेता, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, घातलेला असे. तो कोरडा घासला कीं शिशाची बारीक धूळ कामगाराच्या श्वासावाटे शरीरांत जाई. ब्रिटनमध्यें गाड्या रंगविणाऱ्यांतील शिशाच्या विषबाधेची नोंद एक स्वतंत्र वर्ग म्हणून ठेवावी लागली, आणि १९२६ सालीं वाहनें रंगविण्यासंबंधीं जे नियम झाले त्यांत शिशाचा रंग कोरडा घासण्यास मनाई करण्यांत आली. सुदैवानें साधन तोंवर तयार झालें होतें. फिलाडेल्फियाचे शाईचे कारखानदार फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेवरून मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग या अमेरिकन कंपनीनें १९२१ सालीं पाण्यांत न विरघळणारा काचकागद बाजारांत आणला होता. आपल्याकडील मोटार दुरुस्तीच्या कारखान्यांत ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो हाच. त्याच्यामुळें ओलें घासणें सोपें झालें, आणि एका पाण्यानें गाडीचा रंग व कामगाराची छाती या दोहोंचें रक्षण होऊं लागलें.

आतां पाण्याच्या त्या दुसऱ्या उपकाराकडे वळावयाचें. कापडानें पुसलें कीं धूळ जावयास हवी. पण थंडीच्या कोरड्या दिवसांत कारागिराला उलटाच अनुभव येतो. जितकें अधिक जोरानें पुसावें तितके अधिक कण परत येऊन चिकटतात. ज्या शक्तीमुळें हें घडतें तिची ओळख मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. संस्कृतांत एका पिवळ्या, राळेसारख्या खड्याला तृणमणि म्हणतात, कारण तो घासला असतां गवताची काडी ओढून घेतो. ग्रीक लोक त्यालाच इलेक्ट्रॉन म्हणत. आणि विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें १६०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्याच नांवावरून असे सर्व पदार्थ ओळखले. पुढें १७२९ सालीं स्टीफन ग्रे यानें दाखवून दिलें कीं, घर्षणानें उत्पन्न होणारी ही वीज कांहीं पदार्थांतून वाहून जाते व कांहींमध्यें अडकून राहते. देशावर हिंवाळ्याच्या रात्रीं लोकरीची शाल अंगावरून काढतांना जो चटचट आवाज होतो तो याच विजेचा. दमट हवेंत वस्तूंवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो, व त्यावाटे ही वीज निघून जाते. म्हणून कोंकणांतील पावसाळ्यांत हा खेळ दिसत नाहीं. कारागिराचें कोरडें फडकें जुन्या रंगाच्या थरावर घासलें जातें तेव्हां तो थर तृणमणीच बनतो, आणि स्वच्छ करणारा हातच धुळीला आमंत्रण देऊन ठेवतो.

पहिला विजय मिळाला तो मात्र विजेवर नव्हे, काळावर. १९१४ च्या सुमारास फोर्ड कंपनीनें आपली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार केवळ काळ्या रंगांत देण्यास सुरुवात केली, व पुढें दहा-अकरा वर्षें तोच क्रम चालला. मडगार्डसारखे लोखंडी भाग काळ्या रोगणानें माखून भट्टींत भाजीत, त्यामुळें ते लवकर वाळत. १९२३ सालीं ड्यू पाँट कंपनीचें ‘ड्यूको’ नांवाचें, नायट्रोसेल्युलोजपासून केलेलें रोगण जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाड्यांवर निळ्या छटेंत झळकलें, आणि आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. स्प्रे-गननें उडविलेला हा रंग पाहतां पाहतां वाळे, आणि कणाला रुतून बसण्यास अवधि उरत नसे. परंतु त्यांतील द्रावक अत्यंत ज्वालाग्राही होते. जी वीज पूर्वीं केवळ कण ओढीत होती, तिची एखादी ठिणगी आतां दालन पेटवूं शकत होती. म्हणून रंगविण्याचा भाग व रंगाचीं भांडीं तारेनें जमिनीशीं जोडणें ही सुरक्षिततेची आवश्यक बाब झाली.

यानंतर मनुष्यानें या शक्तीशीं वैर सोडून तिलाच कामास जुंपलें. फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९०७ च्या सुमारास कारखान्याच्या धुराड्यांतून जाणारे कण विजेनें भारून पत्र्यांवर ओढून घेण्याची रीत व्यवहारांत आणली. जी शक्ति धूळ ओढते ती रंगाचा थेंब कां ओढणार नाहीं? १९४० नंतरच्या दशकांत इंडियानापोलिस येथील हॅरोल्ड रॅन्सबर्ग यांनीं रंगाच्या तुषारांना हजारों व्होल्टांची वीज देऊन ते जमिनीशीं जोडलेल्या वस्तूवर सोडण्याची पद्धत रूढ केली. हवेंत वायां जाणारे तुषार वस्तूकडे वळले. इतकेंच नव्हे, तर कांहीं तिच्या पाठीमागेंहि जाऊन बसले.

परंतु १९५३ सालीं ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही मोटार कांचतंतूंच्या अंगाची निघाली, आणि पुढें बंपरहि प्लास्टिकचे होऊं लागले. धातूवरील वीज तारेवाटे जमिनींत जाते. प्लास्टिकवरील वीज जागची हलत नाहीं. अशा भागाला वीज वाहून नेणारें अस्तर दिल्यावांचून विजेनें भारलेला रंग त्यावर नीट बसत नाहीं, आणि अस्तर देण्यापूर्वीं तर तो धुळीचें माहेरघरच असतो. यावरील उपाय बेंजामिन फ्रँकलिनच्या एका निरीक्षणांत होता. अणकुचीदार टोंक वीज सहज घेतें व सहज सोडतें, असें त्यानें १७४७ सालींच लिहून ठेवलें होतें. आज अशाच टोंकांना मोठ्या दाबाची वीज देऊन त्यांवरून हवेचा झोत सोडतात. त्या झोतांतील भारित कण प्लास्टिकवरील विजेचा भार नाहींसा करतात, व मग पकड सुटलेली धूळ उडून जाते.

उत्तम कारखान्याची आजची रीत यांतूनच बनली आहे. रंगाच्या दालनांत हवेचा ओलावा राखतात. चिकट राळ लावलेलें फडकें भागावरून दाब न देतां अलगद फिरवितात. जोरानें घासलें तर राळहि मागें राहते आणि वीजहि. सुती कपड्यांचे तंतु गळतात म्हणून कामगारांना अखंड कृत्रिम धाग्याचे पोशाख देतात. पण तो धागा स्वतःच विजेनें भारला जातो म्हणून त्यांत कार्बनचे तंतु विणलेले असतात. कांहीं मोठ्या कारखान्यांत तर शहामृगाच्या अथवा इमूच्या पिसांचीं फिरतीं चाकें गाडीवरील उरलीसुरली धूळ टिपून घेतात.

धूळ दिसते म्हणून मनुष्य शतकानुशतकें धुळीलाच झाडीत राहिला. तिला धरून ठेवणारी शक्ति मात्र डोळ्यांना दिसत नव्हती. ती ओळखली गेली तेव्हां काम सोपें झालें असें नाहीं, परंतु कामाचा क्रम बदलला. आजचा जाणता कारागीर कणावर हात टाकण्यापूर्वीं विजेला वाट करून देतो, आणि मगच फडकें उचलतो.