ओमच्या सूत्रातला विसरलेला ‘ब’

आज जाऊ १८२५ च्या कोलोनला. तिथल्या शाळेत शिकवणारा गेओर्ग ओम वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून बघत होता. वीज यायची व्होल्टाच्या बॅटरीतून, आणि तीच दगा द्यायची. तार जोडली की जोर उसळायचा, मग उतरत जायचा. त्या आकड्यांवरून त्यानं लॉगॅरिदमचा एक नियम छापलाही. तो चुकीचा निघाला.

मग पोगेनडॉर्फ या संपादकानं सुचवलं, बॅटरी सोड, थर्मोकपल घे. १८२६ मध्ये ओमनं तांबं आणि बिस्मथ जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमान स्थिर, म्हणून जोरही स्थिर. तांब्याच्या ८ तारा, २ ते १३० इंच. आकडे या सूत्रात बसले: प्रवाह = अ ÷ (ब + तारेची लांबी).

यातला ‘ब’ मला भारी आवडतो. आपण सगळे ‘व्ही बरोबर आय आर’ घोकतो, पण मूळ सूत्रात ती तार सोडून उरलेल्या सर्किटचा, खुद्द स्रोताचाही रोध धरलाय! ‘अ’ म्हणजे ईएमएफ. त्यातला काही भाग आतच खर्च होतो, टोकांवर उरतं ते टर्मिनल व्होल्टेज. १.५ व्होल्टच्या सेलचा आतला रोध १ ओम असेल आणि बाहेर २ ओम जोडले, तर टोकांवर फक्त १ व्होल्ट. जुना फोन १५ टक्के चार्ज दाखवतो आणि कॅमेरा उघडताच बंद पडतो ना? बहुतेकदा हाच ‘ब’ वाढलेला असतो.

१८२७ मध्ये ओमचं पुस्तक आलं. जर्मनीत थंड स्वागत. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉप्ली पदक दिलं, तेही १८४१ मध्ये.