मंडळीची बखर



मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आहे आणि तिच्यातला 'मंडळीचा इतिहास' लिहिण्याचे काम कमिटीने आम्हा तिघांवर सोपवले आहे. बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरे काढून बसलो होतो. तेवढ्यात एक वयस्कर काका आले आणि हसून म्हणाले, "काय, मंडळीची बखर लिहिताय वाटतं?" तो शब्द मनात राहिला.

बखर म्हणजे काय? 'खबर' या अरबी शब्दातील अक्षरांची उलटापालट होऊन 'बखर' झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बखर ही मुळात बातमी, कोणीतरी कोणाला तरी कळवलेली हकिगत. कृष्णाजी अनंत सभासद यांची प्रसिद्ध बखर अशीच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीला असताना, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी ती लिहिली. मुलाला वडिलांची हकिगत हवी होती आणि ज्याने ते दिवस पाहिले होते त्याने ती लिहून दिली.

हे वाचताना आम्हाला लूक आठवला. त्यानेही आपले शुभवर्तमान थियफिल नावाच्या एका माणसाला उद्देशून लिहिले. ज्यांनी आरंभापासून प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा बारकाईने शोध घेऊन, त्या अनुक्रमाने लिहीत आहोत, असे तो सुरुवातीलाच सांगतो. हेतूही सांगतो : थियफिलाला जे शिकवले गेले ते खात्रीचे आहे, हे त्याला कळावे. बखरकार धन्याची मर्जी सांभाळतो अशी तक्रार इतिहासकार नेहमी करतात. लूकने शिष्यांचे भांडणही लिहिले आणि पेत्राचे नाकारणेही लिहिले.

'इतिहास' हा संस्कृत शब्द इति, ह आणि आस या तीन शब्दांचा मिळून झाला आहे : 'असे खरोखर घडले'. ग्रीकांचा 'हिस्तोरिया' हा शब्द वेगळ्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ चौकशी, विचारपूस. त्याच मुळाचे क्रियापद नव्या करारात एकदाच येते, गलतीकरांस पत्रात (१:१८). पौल केफाला भेटायला, त्याची ओळख करून घ्यायला यरुशलेमेस गेला आणि त्याच्याजवळ पंधरा दिवस राहिला. नुसती वही उघडून इतिहास कळत नाही, माणसाकडे जाऊन बसावे लागते, हे आम्ही यातून शिकलो.

आपल्या पवित्र शास्त्रात ज्या दोन पुस्तकांना आपण 'इतिहास' म्हणतो, त्यांचे इब्री नाव 'दिव्रे हय्यामीम' आहे. 'दाबार' म्हणजे शब्द आणि घडलेली गोष्टही, 'यामीम' म्हणजे दिवस. दिवसांच्या गोष्टी! जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र याच पुस्तकांना 'राहून गेलेल्या गोष्टी' अशा अर्थाचे नाव आहे, कारण शमुवेल आणि राजे यांत जे आले नाही ते यांत सापडते. पण या पुस्तकांनीही काही सोडले आहे. १ इतिहास २० मध्ये राब्बाची लढाई आहे, दावीद यरुशलेमेत राहिला हेही आहे, पण बथशेबा नाही. उलट मनश्शे राजाचा पश्चात्ताप २ इतिहास ३३ मध्ये आहे, २ राजे २१ मध्ये नाही. मग दावीदाचे पाप झाकले गेले का? नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ते उघड लिहिले आहे, आणि मत्तयाने प्रभूच्या वंशावळीतच उरीयाच्या बायकोचा उल्लेख करून ठेवला आहे.

हे सारे आम्ही का सांगतो आहोत? कारण आमच्या वहीतही एक पान अडले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मंडळीत वाद झाला आणि काही कुटुंबे निघून गेली. कमिटीत कोणी म्हणाले, "जुनी जखम कशाला उकरायची? सोडून द्या." आम्हालाही ते पटत चालले होते. मग पौलासारखे जाऊन बसावे म्हणून आम्ही त्यांच्यापैकी एका आजींच्या घरी गेलो. चहा झाला, जुनी गीतांची वही निघाली. निघताना आजी म्हणाल्या, "आमच्या नावापुढे भांडखोर लिहू नका. पण आम्ही होतो हे पुसूही नका."

आम्ही ठरवले आहे. वाद झाला हे दोन ओळींत, कोणावर दोष न ठेवता लिहायचे. त्या कुटुंबांची नावे मात्र इतर जुन्या सभासदांच्या यादीत, आपापल्या जागी राहतील. आजींच्या सासूबाई कित्येक वर्षे उपासनेची घंटा वाजवत असत. हे कोणत्याही रजिस्टरात नव्हते, तेही आता लिहिले जाईल.

एस्तेरच्या पुस्तकात अहश्वेरोश राजाला एका रात्री झोप येईना, म्हणून त्याने इतिहासाचा ग्रंथ वाचून घेतला. त्यात मर्दखयाचे विसरलेले उपकार सापडले. ज्याने ती ओळ लिहिली त्या लेखकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने ती गाळली असती तर?

प्रियांनो, तुमच्या घरीही कोणी आजी-आजोबा असतील. या आठवड्यात त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. आपले कुटुंब या गावी कसे आले, पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली, हे विचारा आणि लिहून ठेवा. लिहिताना दोन गोष्टी स्वतःला विचारा : हे खरे आहे का? आणि यातून कोणी पुसले तर जात नाही ना?

हे प्रभू, आमच्या दिवसांच्या गोष्टी तुला ठाऊक आहेत. आम्हाला सत्य लिहिण्याचे धैर्य दे, आणि ते प्रीतीने लिहिण्याची बुद्धी दे. आमेन.