पीडीएफ तक्ता, जावा आज्ञावलीतील

जावा भाषेतील आज्ञावलीने पीडीएफ दस्तऐवजात केलेली ओळी-स्तंभांची मांडणी. पीडीएफच्या पानावर ‘तक्ता’ नावाची वस्तूच नसते. ठरावीक जागी ठेवलेली अक्षरे आणि आखलेल्या रेषा एवढेच तिथे असते. मोजमाप पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात होते. ए-फोर पान सुमारे ५९५ × ८४२ पॉइंटांचे असून आरंभबिंदू सहसा डावीकडे खाली असतो.

अपाची पीडीएफबॉक्स या जावाच्या मुक्त लायब्ररीत तक्त्यासाठी तयार वर्ग नाही. प्रत्येक रेषा, मजकुराची रुंदी आणि ओळ कुठे मोडायची हे प्रोग्रामरलाच ठरवावे लागते. आयटेक्स्ट या दुसऱ्या लायब्ररीत हे काम बरेच हलके होते. तिच्या पाचव्या आवृत्तीत ‘पीडीएफ-पी-टेबल’ या वर्गाला स्तंभसंख्या दिली, की घरे डावीकडून उजवीकडे आपोआप भरत जातात. मात्र तीन स्तंभांच्या तक्त्यात सातच घरे भरली, तर शेवटची अपुरी ओळ छापलीच जात नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. हिशेबाच्या कागदात ही उणीव घातक ठरते. ‘कंप्लीट-रो’ ही पद्धत वापरून ती टाळता येते. लांब तक्त्यात शीर्ष-ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापण्याची सोयही आहे.

देवनागरी मजकुरासाठी फाँट दस्तऐवजात अंतर्भूत करणे पुरेसे नाही. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसवणारी अक्षरजुळणी लागते. आयटेक्स्टच्या सातव्या आवृत्तीत त्यासाठी पीडीएफ-कॅलिग्राफ हा स्वतंत्र जोडभाग आहे.