हलगीचं टोक

दिवाळीची अमावास्या. सांगोल्याहून मंगळवेढ्यामार्गे तुम्ही बैलगाडीनं हुलजंतीला आला आहात. या मुलखात अजून वीज नाही, भोंगे नाहीत. महालिंगरायाच्या भेटीला पालख्या आल्यात, भंडाऱ्यानं हवा पिवळी झालीय आणि तुमच्यापासून दोन हातांवर धनगरांचे ढोल वाजताहेत.

पहिली थाप थेट छातीत बसते. पुढच्याही बसतात, पण कानाला त्या पहिलीइतक्या टोचत नाहीत. वाजवणाऱ्याचा हात काही हलका झालेला नाही. तुमच्या मधल्या कानातल्या एका इवल्या स्नायूनं आवाजाची वाट आवळून धरलीय. मोठा आवाज आला की तो आक्रसतो, पण आक्रसायला त्याला वेळ लागतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेवढ्यात थापेचं टोक आत निसटलेलं असतं. मागून येतो तो दाबलेला, भरीव घुमारा.

आधी टोक, मग घुमारा. ढोलाजवळ उभं राहणं म्हणजे काय, ते मला वाटतं या क्रमातच आहे. मिक्सिंग करणारा मोठे आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला हात घालतो तो हाच क्रम छोट्याशा स्पीकरमधून परत उभा करण्यासाठी.

आता 1960 च्या दशकाच्या मध्यावर या. रविवारच्या बाजारात खिलार खोंडाचा सौदा उरकून तुम्ही घरी परतलात. ओसरीवर ट्रान्झिस्टर चालू आहे, 1963 साली सुरू झालेलं सांगली केंद्र लागलंय. लोकसंगीतात ढोल आहे, पण तो छातीत बसत नाही. मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरला ठरलेल्या पातळीपलीकडचा आवाज सोसत नाही. तो फाटतो आणि शेजारच्या केंद्रांवर सांडतो. म्हणून वाटेत लिमिटर बसवतात आणि डोकं वर काढणारी प्रत्येक थाप तो तिथल्या तिथं छाटतो. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर याच काळात पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करताहेत. खेड्यातले आवाज घरोघरी पोचले ते असे, टोक बोथट होऊन. तरी त्या यंत्राला नावं ठेवू नका. आवाज इतका लांब गेला, त्यात त्याचाही वाटा आहे.

6 एप्रिल 1966, लंडन. ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ रेकॉर्ड होतंय. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघा वीस वर्षांचा आहे. माइक ड्रमच्या फार जवळ न्यायचा नाही असा इथला दंडक आहे. त्यानं तो खुशाल पुढं सरकवलाय, बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबलाय आणि रिंगो स्टारचे ड्रम फेअरचाइल्ड 660 या लिमिटरमध्ये दाबून घातलेत. थाप पडते, आवाज दबतो, मग दाब सुटला की झांजांची किणकिण मागून उसळून वर येते. राखणीसाठी बनवलेलं यंत्र तुमच्या डोळ्यांदेखत वाद्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बिल पटनम यांचा 1176 हा लिमिटर आला. त्याचा सर्वांत सावकाश अटॅक, म्हणजे आवाज दाबायला घेतलेला वेळ, तोसुद्धा 800 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही.

2016 चा मे. ‘सैराट’ 29 एप्रिलला लागलाय. दिग्दर्शक नागराज मंजुळे सांगोल्याच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सांगोल्यात वरात निघालीय आणि अजय-अतुलचं ‘झिंगाट’ तिसऱ्यांदा लागलंय. डीजेवाल्यानं सगळं शेवटपर्यंत चढवलंय, लिमिटरचा लाल दिवा विझतच नाही. मिक्स करणाऱ्यानं कष्टानं जे टोक जपलं असेल, ते इथं पुन्हा छाटलं जातं. पोरं ओरडतात, ‘वाढव अजून!’ पण आता वाढायला जागाच उरलेली नाही.

आजच्या दिवसात उतरा. खोलीत कॉम्प्युटर आहे, दोन स्पीकर आहेत. सकाळी वादकानं हलगी जाळावर शेकून घेतली, कातडं ताणलं, मग एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन ठेका दिला. ते रेकॉर्डिंग तुमच्यासमोर आहे. त्यावर कॉम्प्रेसर लावा आणि रेशो 4:1 ठेवा. थ्रेशोल्डच्या, म्हणजे दाब सुरू होतो त्या पातळीच्या, 8 डेसिबल वर गेलेली थाप आता फक्त 2 डेसिबल वर राहील. अटॅक मुद्दाम 1 मिलिसेकंदावर आणून ऐका. हलगी पुठ्ठ्यासारखी वाजते, जाळावरची सगळी मेहनत गेली. आता अटॅक हळूहळू 20-30 पर्यंत न्या. कुठंतरी वाटेत टिपरूचा टणत्कार परत येतो आणि त्याच्या मागून घुमारा भरतो. कान तिथं थांबा म्हणेल.

मग रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ. 120 च्या लयीत एका ठोक्याला 500 मिलिसेकंद मिळतात. हलगीनं त्यात चार थापा टाकल्या तर एकीच्या वाट्याला 125. तेवढ्यात मीटरची सुई परतली नाही, तर पुढची थाप दबलेलीच जन्माला येते.

गाण्यात बेस आणि ढोलही असतील, तर बेसचं गणित वेगळं. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची, तिचं एक आंदोलन 24 मिलिसेकंदांचं. अटॅक-रिलीज याहून चपळ ठेवलेत की कॉम्प्रेसर सुराच्या आंदोलनामागेच धावू लागतो आणि आवाज कुरकुरतो. शिवाय याच खालच्या पट्टीत ढोलाचा घुमाराही राहतो. दोघं एकदम आले की नुसता गदारोळ होतो. म्हणून साइडचेन लावा. बेसच्या कॉम्प्रेसरला ढोल ऐकू द्या. ढोल पडला की बेस 3-4 डेसिबल खाली बसेल आणि थाप ओसरताच परत उभा राहील. ऐकणाऱ्याला बेस हलल्याचं कळणारही नाही, त्याला ढोल मोठा झाल्यासारखा वाटेल.

मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर परत चढवलेला आवाज, मात्र जपून. मोठा आवाज कानाला सहसा जास्त चांगला वाटतो आणि भलेभले इथं फसतात. कॉम्प्रेसर चालू असताना आणि बायपास करताना पातळी सारखी येईल असं करा, मग बटण मागंपुढं करून ऐका. टोक गेलं असेल तर अटॅक आणखी सावकाश करा. घुमारा मागं पडला असेल तर थ्रेशोल्ड खाली घ्या.