महाबळेश्वर : एका गिरिस्थानाची घडण

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूर येथे आली. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे शहरास पाणी पुरविण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. पहिल्या गाडीस दहा टाक्या असून त्यांतून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून आलेले हे पाणी कृष्णेचे होते. मिरजेस पोहोचण्यापूर्वी कृष्णेस कऱ्हाड येथे कोयना व हरिपूर येथे वारणा येऊन मिळते. यांपैकी कृष्णा व कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात. तेव्हा गोदावरीच्या खोऱ्यातील लातूरकरांचा सातारा जिल्ह्यातील या पठाराशी संबंध नाही, असे यापुढे म्हणता येणार नाही. ते पठार विश्रामस्थान कसे झाले, हा प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

महाबळेश्वरचा इतिहास पुष्कळदा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चढाईपासून सुरू केला जातो. तो तसा नाही. क्षेत्र महाबळेश्वर हे त्यापूर्वी कित्येक शतके तीर्थस्थान होते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो आणि येथील प्राचीन बांधकामाचा संबंध परंपरेने देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाशी जोडला जातो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली व पठाराच्या पश्चिमेस प्रतापगड उभा राहिला. जानेवारी १६६५ मधील सूर्यग्रहणाच्या पर्वणीस याच क्षेत्री जिजाबाई व सोनोपंत डबीर यांच्या तुला झाल्या. म्हणजे हे स्थान अज्ञात नव्हते, निर्जनही नव्हते. त्याची ओळख पाण्याची होती. थंड हवेची ओळख मागाहून आली.

पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तह करून सातारचे राज्य निर्माण केले. महाबळेश्वर या राज्यात होते. मुंबई इलाख्यातील गोऱ्या शिपायांत व अधिकाऱ्यांत ज्वराने व अतिसाराने मृत्यूचे प्रमाण मोठे होते. आजारी माणसास विलायतेस पाठविणे खर्चाचे, तर येथेच ठेवणे धोक्याचे होते. सुमारे साडेचार हजार फूट उंचीचे पठार ही या अडचणीवरची तोड होती. १८२४ मध्ये पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी घाटमाथ्याच्या टोकापर्यंत गेला व त्याने या जागेकडे सरकारचे लक्ष वेधले. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी रस्त्यासाठी छत्रपतींचे मन वळविले. परंतु सर जॉन माल्कम हे १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होईपर्यंत काम विशेष पुढे सरकले नाही. त्यांनी प्रथम रोगमुक्त होणाऱ्या शिपायांसाठी रुग्णालय काढले, १८२८ मध्ये ते स्वतः तेथे आले आणि १८२९ मध्ये ही जागा कंपनीकडे घेण्यात आली. तिच्या बदल्यात छत्रपतींस वाई प्रांतातील खंडाळा हे गाव देण्यात आले. लोणावळ्याजवळचे खंडाळे ते हे नव्हे. नव्या वसाहतीस माल्कमपेठ असे नाव पडले.

या अदलाबदलीचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. एका बाजूस महसूल देणारे एक गाव होते. दुसऱ्या बाजूस दोन मोठ्या नद्यांच्या उगमाचा प्रदेश होता. हिशेब महसुलाचा झाल्यामुळे डोंगराची किंमत एका गावाएवढी ठरली. पाण्याची किंमत कोणी केली नाही, कारण त्या काळी ती करण्याची कोणास गरज वाटली नाही.

युरोपातील गिरिस्थानांशी येथे तुलना उद्‌बोधक ठरते. आल्प्स पर्वतातील दावोस येथे १८६० नंतर क्षयरोगी हवापालटासाठी जाऊ लागले. त्याच दशकात सेंट मॉरिट्झ येथे खाणावळवाल्यांनी हिवाळी पाहुण्यांस बोलाविण्यास आरंभ केला. पुढे रेल्वे आली आणि ही गावे बर्फावरून घसरण्याच्या खेळाची जगप्रसिद्ध केंद्रे बनली. तेथेही आरंभ रोग्यापासून झाला व शेवट करमणुकीत झाला. भेद असा की, आल्प्समध्ये पुढाकार वैद्यांनी व खाणावळवाल्यांनी घेतला, तर महाबळेश्वरास तो सरकारने घेतला. म्हणून येथे रस्ता, बाजार, तुरुंग व तलाव हे सर्व राजसत्तेच्या इच्छेने निर्माण झाले.

ही घडण कोणाच्या श्रमाने झाली? साताऱ्याहून वर येणारा रस्ता छत्रपतींच्या खजिन्यातून झाला. १८३४ मध्ये येथे तुरुंग बांधण्यात आला व पूर्वेकडील वसाहतींतून पाठविलेले चिनी व मलायी कैदी त्यात ठेवण्यात आले. वसाहतीतील रस्ते बहुतांशी त्यांनी केले. बटाटे व इतर विलायती भाज्यांची लागवडही त्यांच्याच हातून वाढली. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला. वेण्णेचा तलाव १८४२ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी बांधविला. आज प्रवासी त्यात नौकाविहार करतात. तथापि पावसाळ्यानंतर पठारावर पाणी टिकत नाही, ही या तलावामागील मूळ अडचण होती. वर्षास साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावास उन्हाळ्यात साठविलेल्या पाण्यावर राहावे लागते, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकास विचारात पाडील.

वसाहत वाढली तसे डोंगरातील जुन्या रहिवाशांचे मार्ग संकोच पावले. उतारावरील झाडे जाळून केली जाणारी कुमरी शेती व गुरेचराई यांवर निर्बंध आले. धावड लोक येथील दगडातून लोखंड गाळीत. त्यांच्या भट्ट्यांस लाकडी कोळसा लागे. जंगलाच्या राखणीचे नियम कडक होताच तो उद्योग बंद पडला. जंगल राखले गेले हे खरे, आणि ते राखले गेले म्हणूनच नद्यांचे उगम सुरक्षित राहिले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु राखणीचा भार ज्यांनी सोसला आणि सावलीचे सुख ज्यांस मिळाले, ते लोक एक नव्हते.

१८४८ मध्ये आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर सातारचे राज्य खालसा करण्यात आले. त्यानंतर मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी व पावसाळ्यात पुण्यास मुक्काम करू लागले. १८७६ मध्ये महाडकडे उतरणारा फिट्झजेराल्ड घाट खुला झाला व कोकणातून येणाऱ्यांची सोय झाली. रेल्वे मात्र येथे कधी आली नाही. उलट, माथेरानास १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्यामुळे प्रसिद्धी मिळाली आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे तेथे पोहोचली.

केवळ उंची व गारवा यांनी गिरिस्थान होत नाही, याची साक्ष मराठवाड्याच्या सीमेवरच मिळते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हेही डोंगरावरचे प्राचीन क्षेत्र आहे. रेणुका, दत्त व अनसूया यांची शिखरे तेथे आहेत आणि किल्लाही आहे. परंतु हैदराबाद संस्थानच्या शासनाने तेथे आपला उन्हाळी मुक्काम नेला नाही. माहूर यात्रेवर वाढले व यात्रेचेच राहिले. वऱ्हाडातील चिखलदऱ्याकडे मात्र १८२३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याचे लक्ष गेले व तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे विश्रामस्थान झाले. राज्यकर्त्यांची गरज जेथे पोहोचली तेथे बंगले उठले. जेथे ती पोहोचली नाही तेथे धर्मशाळा राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर महाबळेश्वर मध्यमवर्गाचे झाले. बंगल्यांच्या शेजारी हॉटेले आली आणि स्ट्रॉबेरीच्या शेतीने येथील शेतकऱ्यांस नवे उत्पन्न दिले. २०१० मध्ये या फळास भौगोलिक मानांकन मिळाले. बांधकामांचा ताण वाढल्यामुळे केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. त्यानंतर विकासाची दृष्टी शेजारच्या कोयना खोऱ्याकडे वळली. ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने २३५ गावांचा प्रारूप आराखडा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने २०२४ मध्ये पुढे आणला. याच खोऱ्यातील अनेक कुटुंबांनी कोयना धरणाच्या वेळी आपली घरे एकदा सोडलेली आहेत.

या आराखड्याच्या समर्थकांचे म्हणणे रोजगाराचे आहे व ते क्षुल्लक नाही. डोंगरातील तरुण मुंबईस जातो, तो हौसेने जात नाही. परंतु १८२९ च्या व्यवहारात जी चूक झाली तिची पुनरावृत्ती होऊ नये, एवढा बोध इतिहासातून निश्चित घेता येतो. त्या व्यवहारात दोनच पक्ष होते : जागा देणारा व जागा घेणारा. डोंगरात राहणारा कुणबी किंवा धावड त्यात नव्हता, आणि नदीच्या खालच्या अंगास राहणाराही नव्हता. वाईच्या शेतकऱ्यापासून मिरजेच्या नागरिकापर्यंत सर्वांचा त्या उगमांवर हक्क आहे. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर लातूरच्या नळावर रांगेत उभ्या राहिलेल्या गृहिणीचाही आहे. डोंगरमाथ्यावर किती खोल्या बांधता येतील याचा हिशेब मांडताना त्या माथ्यावरून किती पाणी खाली उतरते, हा आकडा प्रथम लिहिला गेला पाहिजे.