जुन्या कॉमिक पुस्तकांवरील तांबूस डाग

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारांमध्यें वारंवार वादाचा विषय होणारा एक प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतो. जुन्या कॉमिक पुस्तकावर काळानें तांबूस डाग पाडले असतील, तर त्या डागांस कितपत महत्त्व द्यावें? कोणी म्हणतो, डाग म्हणजे दोष, आणि सदोष प्रत ती हलकी प्रत. कोणी म्हणतो, वय झालें कीं सुरकुत्या यावयाच्याच. त्यांचा एवढा बाऊ कशाला? आम्हांस ह्या दोन्ही उत्तरांनीं समाधान होत नाहीं. डागाला महत्त्व आहे. परंतु बाजार ज्या कारणासाठीं तें देतो त्या कारणासाठीं नव्हे. हें म्हणणें पटावयाचें तर हीं पुस्तकें ज्या कागदावर छापलीं गेलीं त्या कागदाचा, आणि ज्या दिवसांतून तीं वांचलीं त्या दिवसांचा, थोडा इतिहास ध्यानांत घेतला पाहिजे.

१९३८ सालच्या जून महिन्याचा म्हणून अमेरिकेंत ‘ॲक्शन कॉमिक्स’ ह्या मासिकाचा पहिला अंक निघाला. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांनीं कल्पिलेला ‘सुपरमॅन’ त्यांत प्रथम अवतरला. अंकाची किंमत अवघी दहा सेंट होती. एवढ्या किंमतींत साठांहून अधिक पानें द्यावयाचीं म्हणजे कागद स्वस्तांतला स्वस्त हवा, आणि तसा कागद एकच होता, तो वर्तमानपत्री. पूर्वीं कागद चिंध्यांपासून होत असे. १८४४ च्या सुमारास जर्मनींत केलर नांवाच्या गृहस्थानें लांकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ति काढली, आणि तेव्हांपासून कागद अफाट स्वस्त झाला. परंतु घासलेल्या लांकडाबरोबर लिग्निन नांवाचें द्रव्यही कागदांत आलें. हवा आणि उजेड ह्यांच्या संसर्गानें तें पिवळें पडतें, पुढें तपकिरी होतें, आणि त्याबरोबर उत्पन्न होणारें आम्ल कागदाच्या तंतूंस आंतल्या आंत तोडीत जातें. आपल्याकडील जुन्या दप्तरांत अठराव्या शतकांतील हातकागद आज जितके चिवट आढळतात, तितका ऐंशीं वर्षांचा वर्तमानपत्री कागद क्वचित् आढळतो, ह्याचें कारण हेंच होय.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण ह्या वादांत निम्मा घोटाळा तो न केल्यामुळें होतो. जुन्या कागदावर वयाच्या खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली, सर्व पान सारखें पिवळें किंवा तपकिरी पडणें. दुसरी, पान ठिसूळ होऊन कांठाचे तुकडे पडूं लागणें. आणि तिसरी, मधून मधून तांबूस ठिपके उठणें. ह्या तिसऱ्या प्रकारास इंग्रजींत कोल्ह्याच्या रंगावरून ‘फॉक्सिंग’ असें नांव पडलें आहे. पहिल्या दोन खुणा कागदाच्या पोटांतील आम्लाच्या आहेत. त्या कागदाबरोबरच जन्मास आल्या. तिसरी बहुधा बाहेरून येते. ओलसर हवा, त्या ओलींत वाढणारी सूक्ष्म बुरशी आणि कागदांत राहून गेलेले लोखंडाचे कण हीं तिचीं कारणें मानलीं जातात. ह्यांपैकीं कोणतें प्रधान ह्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे, आणि पुष्कळ वेळां दोन्ही एकत्र असतात. कॉमिक पुस्तकांत तर लोखंड उघडच असतें. कारण हीं पुस्तकें तारेच्या दोन टाक्यांनीं शिवलेलीं असतात, आणि दमट जागीं ते टाके गंजून भोंवतालचा कागद तांबडा करतात.

आतां ह्यांपैकीं घातक खूण कोणती? आमच्या मतें ठिसूळपणा. ठिपके पडलेलें पान उलटतां येतें, वाचतां येतें, शंभर वेळां हाताळतां येतें. ठिसूळ पान मात्र कितीही स्वच्छ दिसो, उलटतांना बोटांत राहतें. आम्ल मारण्याची रासायनिक क्रिया केली तर पुढील ऱ्हास मंदावतो; परंतु तुटलेले तंतु पुन्हां सांधले जात नाहींत. तेव्हां डोळ्यांस खुपणारा दोष आणि कागदास मारणारा दोष हे एकच नव्हेत. संग्राहकाची पहिली नजर ठिपक्यावर जाते आणि ठिपका मोजण्याच्या नादांत तो घडी तपासावयाची विसरतो, ही आमची मुख्य तक्रार आहे.

बाजाराची बाजू अगदींच पोकळ आहे असें मात्र नाहीं. १९७० सालीं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट ह्यांनीं जुन्या कॉमिक पुस्तकांच्या किंमतींचें मार्गदर्शक पुस्तक काढलें. त्यानंतर प्रतीची स्थिति शब्दांनीं ठरविण्याची शिस्त रूढ झाली. २००० सालीं सीजीसी नांवाच्या संस्थेनें प्रती तपासून, दहांपैकीं गुण देऊन, प्लॅस्टिकच्या बंद पेटींत घालून देण्याचा व्यवसाय सुरू केला. पानांचा रंग ती निराळा नोंदविते. डाग दिसले कीं गुण उतरतात. दूर बसून लाखों डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकास कांहीं तरी माप हवेंच. शिवाय डाग पडलेली प्रत कधीं तरी ओलींत राहिली होती, एवढें अनुमान न्याय्य आहे. आणि बुरशी जिवंत असेल तर ती शेजारच्या प्रतींसही लागेल, ही भीति खरी आहे. वास येत असेल, बोटास भुकटी लागत असेल, तर ती प्रत तत्काळ वेगळी ठेवावी. एथपर्यंत आम्ही बाजाराशीं सहमत आहों.

आमचा विरोध पुढच्या पायरीस आहे. निर्मळ प्रत हीच खरी प्रत आणि डागाळलेली प्रत म्हणजे तिची बिघडलेली नक्कल, असें जें हळूहळू मानलें जाऊं लागलें आहे, तें इतिहासास धरून नाहीं. हीं पुस्तकें निर्मळ राहावींत अशी त्या काळीं कोणाची इच्छाच नव्हती. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारें दोन लाख प्रती छापल्या गेल्या असें सांगतात, त्यांतील शंभरांच्या आसपासच उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कोठें? मुलांनीं त्या वाचून फाडल्या, आयांनीं फेंकून दिल्या. दुसऱ्या महायुद्धांत सरकारच्या हांकेवरून रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि मुलांनीं मोठ्या अभिमानानें आपले गठ्ठे त्यांत नेऊन टाकले. युद्ध संपल्यावर निराळेंच संकट आलें. कॉमिक पुस्तकांनीं मुलें बिघडतात असा ग्रह पसरला. १९४८ सालच्या ऑक्टोबरांत वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील स्पेन्सर गांवीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन शहरीं, शाळकरी मुलांच्या हातून ह्या पुस्तकांच्या होळ्या करण्यांत आल्या. १९५४ सालीं डॉक्टर फ्रेड्रिक वेर्थम ह्यांचें टीकात्मक पुस्तक निघालें, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीनें साक्षी घेतल्या, आणि प्रकाशकांनीं स्वतःवर नियमांची संहिता लादून घेतली.

अशा दिवसांत जें पुस्तक वांचलें तें कोणाच्या तरी माळ्यावर, तळघरांत, पेटाऱ्याच्या बुडाशीं विसरलें गेलें म्हणून वांचलें. तळघरांत ओल असते. तेव्हां ज्या ठिपक्यास आपण दोष म्हणतों, तो पुष्कळदां त्या पुस्तकाच्या अज्ञातवासाचा दाखला असतो. कांहींचा अज्ञातवास सुखाचा झाला, ही गोष्ट निराळी. २०१४ सालीं त्या पहिल्या अंकाची एक शुभ्र पानांची प्रत बत्तीस लाख डॉलरांवर विकली गेली. तिचा पहिला धनी वेस्ट व्हर्जिनियांतच उंचावरील कोरड्या प्रदेशांत राहत असे, आणि ती देवदारी पेटींत पडून होती असें विक्रीच्या वेळीं सांगण्यांत आलें. ज्या संस्थानांत होळी पेटली त्याच संस्थानांत एका पेटींत हा अंक सुरक्षित होता! ह्यांत अंकाची पुण्याई किती आणि हवेची किती, हें वाचकांनींच ठरवावें.

निर्मळपणाचें अत्यंत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डेन्व्हर शहरांतील एडगर चर्च ह्यांचा संग्रह. हे गृहस्थ जाहिरातींचीं चित्रें काढून पोट भरीत. त्यांच्या घरांतून १९७७ सालीं हजारों जुनीं कॉमिक पुस्तकें बाहेर आलीं, आणि चक रोझान्स्की ह्या व्यापाऱ्यानें तीं विकत घेतलीं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, हवा कोरडी. पुस्तकें एकावर एक घट्ट रचलेलीं, त्यामुळें हवा आणि उजेड आंत शिरलाच नाहीं. पानें जणूं कालच छापलेलीं. परंतु ह्या संग्रहांतील आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. त्यांतील पुष्कळ अंकांच्या मुखपृष्ठांवर शिसपेन्सिलीनें केलेल्या सांकेतिक खुणा आहेत. एरवीं मुखपृष्ठावरील पेन्सिलीची रेघ म्हणजे दोष. येथें मात्र ती रेघ दिसली कीं गिऱ्हाईक हरखतें, कारण प्रत चर्च ह्यांच्या घरची असल्याची ती साक्ष होय. म्हणजे बाजारासही खुणेचें मोल कळतें. फक्त तिच्यामागची कथा ठाऊक असली पाहिजे. कथा ठाऊक असली कीं डागाचा दागिना होतो, आणि नसली कीं दागिन्याचाही डाग होतो.

ह्यावरून डाग घालविण्याच्या खटाटोपाविषयीं काय म्हणावें हें उघड आहे. कागद रसायनांनीं धुऊन ठिपके फिकट करतां येतात. परंतु त्या धुण्यानें आधींच दुबळा झालेला कागद अधिक दुबळा होतो, शाईचे रंग उतरण्याचा संभव असतो, आणि ओल पुन्हां लागली तर ठिपके परत उठतात. अशा दुरुस्त केलेल्या प्रतींस सीजीसी वेगळ्या जांभळ्या पट्टीनें ओळखूं येतील असें करते, आणि त्यांची किंमत कमी होते. बाजाराचा हा नियम आम्हांस त्याच्या इतर सर्व नियमांहून शहाणपणाचा वाटतो. जी प्रत आपलें वय लपविते तिच्यापेक्षां जी तें सांगते ती अधिक विश्वासार्ह, एवढें त्यानें तरी मान्य केलें आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिलेला नाहीं. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं १९६४ सालच्या मार्चमध्यें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलें, आणि ली फॉक ह्यांचा ‘फँटम’ आपल्या घराघरांत आला. १९६७ पासून अनंत पै ह्यांची ‘अमर चित्र कथा’ निघूं लागली. त्या जुन्या अंकांचेही आज संग्राहक आहेत. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर बराच काळ राहिली कीं बुरशीस वाव मिळतो; मुंबईंत आणि कोंकणांत पावसाळ्याचे महिने ती त्याहून पुष्कळ वर असते. जो अंक येथील चाळीस-पन्नास पावसाळे काढून, रद्दीवाल्याच्या तराजूंतून सुटून हातीं आला, त्यास डेन्व्हरच्या मापानें मोजणें म्हणजे कोंकणांतल्या कौलारू घरास वाळवंटांतल्या घराचे नियम लावण्यासारखें आहे. येथें निर्डाग प्रत हा अपवाद. डागाळलेली प्रत हाच ह्या भूमीचा सामान्य इतिहास.

तेव्हां संग्राहकास आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. विकण्यासाठीं घेत असाल तर डाग मोजा. बाजार मोजतो, त्यास इलाज नाहीं. वाचण्यासाठीं घेत असाल तर पान हलकेंच वांकवून पाहा. वांकलें कीं घ्या. आणि जपण्यासाठीं घेत असाल तर डाग पुसूं नका, तो पुढें वाढूं देऊं नका. कोरडी, थंड, अंधारी जागा द्या. प्रत कोणाच्या घरून, कोणत्या गांवाहून, कोणत्या सालीं आली, हें एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवा. ह्या चिठ्ठीस पैसे पडत नाहींत. तथापि तिच्यावांचून उद्यांच्या अभ्यासकास तो ठिपका नुसता ठिपकाच दिसेल, आणि तिच्यासह त्याला एक घर, एक पावसाळा आणि पुस्तक टाकून न देणारा एक माणूस दिसेल.